दोन वाघदेवांच्या मधे

माझ्या बापाला मी आयुष्यात एकदाच रस्त्याच्या पलीकडून बघितलं. मधे आंब्याची तोडलेली फांदी होती. फार मोठी नव्हे, लहानपणी तिला झोका बांधला असता एवढीच. फांदीच्या त्या अंगाला तो सरपंच होता आणि या अंगाला मी सुरतेहून आलेली बाई. लेक वगैरे नंतर.

आता घरातले म्हणतात, सोड ना, म्हातारा गेलासुद्धा. सोड म्हणणाऱ्याचं काय जातं? मी सोडणार नाही. मला राग आला की तो राहतो, आमच्या आईच्या रागासारखा डोळ्यांच्या पाण्यात विरघळत नाही. पण नुसता रागच असता तर मी हे लिहायला बसले नसते.

आमचं गाव सुरगाण्याच्या पार टोकाला, गुजरातच्या अंगाला. तिकडून येणारा रस्ता एकच. आधी पलीकडचं गाव लागतं, मग ओहोळ, मग आमचा चढ. दोन्ही गावांनी आपापल्या शिवेवर वाघदेव मांडलेला आहे. लाकडाची जाड फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, आणि सगळ्यावर शेंदूर. त्यांचा वाघदेव ओहोळाच्या त्या काठाला, आमचा या काठाला चढावर. मधली पट्टी कोणाचीच नाही. तिथं कोणी गुरं चारत नाही की लाकूड तोडत नाही. लहानपणी आम्ही पोरं ती श्वास धरून पळत ओलांडायचो, कारण तिथं पाटी ठेवतात.

पाटी म्हणजे बांबूची टोपली. गावात रोगराई आली, माणसांची असो की कोंबड्यांची, की घराघरांतून मूठभर नागली गोळा करायची. त्यावर झिजलेली केरसुणी, फुटकं सूप, लाल फडकं आणि कोंबडीचं एक जिवंत पिल्लू. झाली पाटी. ती गावातून मिरवत न्यायची आणि मावळतीच्या शिवेवर, पुढच्या गावाच्या वाघदेवाच्या पायाशी ठेवून मागं न बघता परतायचं. पुढच्या गावानं ती उचलायची आणि आपल्या मावळतीच्या शिवेवर नेऊन ठेवायची. अशी ती गावागावांनी उतरत उतरत समुद्राला जाते म्हणतात. समुद्रापर्यंत गेलेली कोणी बघितलेली नाही, पण कोणी मधे टाकूनही दिलेली नाही. पाटी चालली की लोक दारं लावून घेतात, वाटेतला माणूस तोंड फिरवून उभा राहतो, तिला अडवायचं नाही. आणि पाटी शिवेवर पडलेली असेतो ती शीव कोणी ओलांडायची नाही. आमच्या गावात पाटीला पहिला हात आमच्या घराचा. बा सरपंच झाला तो नंतर, हा मान त्याच्या आज्यापणज्यापासूनचा.

लग्नानंतर मी सुरतेला होते. नवरा कापड रंगवायच्या मिलमध्ये. एक खोली, बाहेर नळ, आणि आमची पोरगी चार वर्षांची. भाद्रपद सरत आला होता, गणपती बुडाले होते, आणि एका सकाळी गल्लीत बातमी फुटली की प्लेग आला. दुपारपर्यंत गल्लीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं. दवाखान्याचे डॉक्टरच गाडी भरून निघाले म्हटल्यावर आमच्यासारख्यांनी तिथं कोणाच्या भरवशावर थांबायचं? आम्ही एक गाठोडं बांधलं, नाकातोंडाला फडकी बांधली आणि निघालो. टेम्पोनं वांसद्यापर्यंत, तिथून आमच्या भागातली एक जीप मिळाली. जीपमध्ये आम्ही तिघं, गावातलाच एक म्हातारा आणि त्याची म्हातारी, बांधकामावरून परतणारे आमच्याच पाड्यावरचे दोन गडी, आणि जीपवाला. म्हातारा मला नात्यानं चुलत आजा लागायचा. आयुष्यभर पाटी वाहणाऱ्यांच्या पुढं ढोल वाजवलेला माणूस.

वाटेतच पोरीला थंडी भरली. दातावर दात वाजायला लागले, मग अंग भाजायला लागलं, मग घाम. मला ओळखू आलं. आमच्याकडे पाऊस सरताना घराघरात एक तरी असाच कुडकुडत पडलेला असतो. हा हिवताप. पण तोंडाला फडकं बांधलेल्या जीपमध्ये ताप शब्द काढायची सोय नव्हती. मी तिला लुगड्यात गुंडाळून मांडीशी दाबून धरलं, नाक्यावरच्या तपासणीत माल लपवतात तसं.

वाटेतल्या प्रत्येक गावानं आम्हाला पुढं ढकललं. लोक हातात काठ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे, जीप थांबू नये म्हणून हात हलवत. पलीकडच्या गावातले तर ओळखीचे. त्यातल्या एकाच्या लग्नात मी जेवले होते. त्यानं तोंड फिरवलं. आम्ही ओहोळाच्या फरशी पुलावर उतरलो आणि मागं बघितलं तर त्यांनी रस्त्यात काट्यांचे भारे ओढले होते. पुढं बघितलं तर आमच्या चढावर आंब्याची फांदी, तिच्यामागं गावातले गडी, आणि मधोमध बा, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. मला बरं वाटलं होतं त्याला बघून. हे मी लपवत नाही. वाटलं, सुटलो.

"बाय, तिथंच थांब," तो म्हणाला.

"पोरीला ताप हाय, बा."

हे बोलून मी चुकले की काय, अजून कळत नाही. फांदीमागचे गडी दोन पावलं मागं सरले. बा सरला नाही. पण त्याची नजर माझ्यावरून जीपच्या चाकावर गेली आणि तिथंच राहिली. मला म्हणाला, वरून हुकूम आहे. सुरतेचा एकही माणूस आत घ्यायचा नाही, आला तर सरपंच जबाबदार.

मग मी खाली बघितलं आणि खरा घोटाळा दिसला. आमच्या वाघदेवाच्या पायाशी एक पाटी होती. ओहोळाच्या त्या काठाला, त्यांच्या वाघदेवाच्या पायाशी, दुसरी. येताना ती आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

झालं होतं असं. प्लेगची बातमी आल्यावर आमच्या गावानं रीतीप्रमाणे पाटी काढली आणि मावळतीला नेऊन त्यांच्या शिवेवर ठेवली. त्याच दिवशी त्यांनीही काढली. पण त्यांच्या डोक्यात आलं की रोग तर मावळतीकडूनच येतोय, तिकडे पाटी नेऊन काय उपयोग? म्हणून त्यांनी ती उगवतीला आणली, आमच्या शिवेवर. असं आजवर कधी झालं नव्हतं. आता त्यांची आम्ही उचलायची की आमची त्यांनी? दोन्ही गावं एकमेकांकडे बघत बसली. आणि पाटी पडलेली असेतो शीव ओलांडायची नाही. आम्ही त्या दोन टोपल्यांच्या मधे, जीपसकट.

जीपवाला सगळ्यांत जास्त बोंबलला. त्याचं गाव कळवणकडचं, त्याला या रीतीभातीशी काही देणंघेणं नव्हतं. "टोपलीसाठी गाडी अडवता? लाथ मारतो एक," असं म्हणून तो उतरला खरा, पण आज्यानं नुसतं बघितलं आणि हा पुन्हा आत जाऊन बसला. त्याला भूक लागली की तो पाटीतल्या पिल्लांकडे बघायचा.

जेवण यायचं. आई भाकरी, उडदाचं, खुरासणीची चटणी असं फडक्यात बांधून वाघदेवाच्या आत, आमच्या बाजूला न येता, दगडावर ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. मग आम्ही फांदीखालून हात घालून घ्यायचं. पितरांचे दिवस होते. कावळ्याला पान ठेवून माणसं बाजूला होतात ना, अगदी तसं. मी आईला ओरडून सांगितलं, आम्ही अजून जिवंत आहोत, जरा जवळ ये. ती आली नाही. पदर तोंडात धरून रडत राहिली. तिचाही मला संताप आला होता, तेव्हा.

पाऊस अधूनमधून कोसळायचा. जीपच्या टपाला प्लास्टिक बांधून आम्ही त्याखाली बसायचो. एक दिवस पोरगी बरी असायची, अगदी बरी. दोन्ही पाट्यांतली पिल्लं दोरी सुटून बाहेर आली होती, त्यांच्यामागं ती तेरड्यातून पळायची, त्यांना नावं ठेवायची, भाकरीचा चुरा घालायची. दुसऱ्या दिवशी दुपार कलली की पुन्हा थंडी. दिवसाआड, ठरलेल्या वेळेला. मी फांदीपाशी जाऊन बाला सांगितलं, हे बघ, प्लेग असा दिवसाआड सुट्टी घेत नाही. हिवताप आहे हा. तू स्वतः किती वेळा काढलास. आरोग्य केंद्रात नेऊ दे, नाहीतर तिथल्या बाईंना इकडं बोलाव.

"बाई तालुक्याला नाक्यावर हायेत. सगळी गाडी, डाक्टर, तिथंच ठेवलेत," तो म्हणाला.

"नाक्यावर कशाला? आजारी इथं आहेत."

"मोठे लोक तिथं येऊन बघतात."

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. त्याला ते रास्तच वाटत होतं. हाच तर त्याचा सगळा घात होता. माझा बाप भोळा नव्हता. कोणाच्या खाचरात पाणी कधी सोडायचं, भावाभावांचा बांध कुठं घालायचा, हे गावात त्याच्याइतकं कोणाला कळत नसे. सरपंच व्हायच्या आधी लोक त्याच्याकडे उठून यायचे. सरपंच झाला आणि त्याला वाटायला लागलं की आता आपल्याला कळायचं काम नाही, आता वरून कळवतात.

नवऱ्यानं एकदा ऐकलं नाही. पोरीला पाठीशी बांधून ओहोळाच्या कडेनं रानात शिरला. म्हणाला, डोंगरावरून जातो, पायी जातो, बघू कोण अडवतो. थोड्या वेळानं परत आला तो खांदा धरून. गोफणीचा दगड बसला होता. पोरगी पाठीवर होती आणि दगड तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर लागला होता. मारणारा आमच्याच गावचा. नवरा तसा गरीब माणूस, त्या दिवशी त्यानं माझ्या बापाला ज्या शिव्या दिल्या त्या मी मधे पडून थांबवल्या नाहीत. बासुद्धा गुमान ऐकून घेत उभा राहिला.

मग सभापती आले. पंचायत समितीचे सभापती, म्हणजे आमच्या भागात मोठाच माणूस. पांढरी जीप फांदीपासून लांब थांबली. साहेब खाली उतरले नाहीत. काच अर्धी खाली, नाकाला रुमाल. बा पळत गेला. पळत. माझा बाप पळताना मी त्याआधी बघितला नव्हता. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"शाब्बास सरपंच. तुमच्यामुळे तालुका वाचला," साहेब म्हणाले.

बा म्हणाला, "साहेब, त्यात एक लहान पोर हाय. तापानं फणफणलंय. डाक्टरची गाडी..."

"गाडी येईल. बघू. पण एक जरी आत आला आणि काही झालं, तर पेपरात तुमचं नाव येईल. निवडणूक तोंडावर आहे."

"मग साहेब, हे जरा लेखी द्या. कोनाला आत घेऊ नका म्हून."

साहेब हसले. "लेखी कशाला? तुमच्यावर विश्वास आहे."

काच वर गेली. जीप वळली. आमचा जीपवाला टपावरून म्हणाला, "गेलं तुमचं गाव साहेबाच्या खिशात." मी बापाकडे बघत होते. वाटलं, आता त्याला कळलं असेल. लेखी मागितलं म्हणजे मनात काहीतरी होतंच ना? पण तो परत आला आणि फांदीमागं आपल्या जागेवर उभा राहिला. आंब्याची पानं तोवर सुकून वळली होती.

अडकणं कशाला म्हणतात ते मला तिथं कळलं. भिंत असती तर डोकं आपटून घेतलं असतं. समोर माझ्या घराचं छप्पर दिसत होतं. त्यातून धूर निघायचा, आई काय शिजवते त्याचा वास यायचा. ज्या वाटेनं मी शाळेला गेले ती वाट. आणि आडवी कोण, तर एक वाळकी फांदी, आणि एक माणूस, जो मला खांद्यावर बसवून याच ओहोळात मासे दाखवायचा. मी दिवसभर त्याच्याशी मनात भांडायचे. बोलून बोलून तोंड कोरडं पडायचं आणि मोठ्यानं एक शब्दही निघालेला नसायचा. रागानं माणूस दमतो हेही तिथंच कळलं.

ज्या दुपारी पोरगी उठेना, त्या दुपारची गोष्ट. थंडी नेहमीपेक्षा आधी भरली. मग ताप चढला आणि तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस. म्हातारीनं तिच्या दातांत फडकं घातलं. झटका गेला, पण तिला हाक ऐकू जाईना. मी हाका मारत राहिले. एक पिल्लू तिच्या पायाशी येऊन टोचत होतं.

मी उठले. मी काही ठरवलं नव्हतं, ठरवायला डोकं कुठं ठिकाणावर होतं? मी सरळ आमच्या वाघदेवाच्या पायाशी गेले आणि पलीकडच्या गावाची ती पाटी उचलून डोक्यावर घेतली. केरसुणीचे हीर कपाळावर आले. आजा मागून म्हणाला, "बाय, तुजा हात चालत नाय. लेक दिली की हात गेला." मी म्हटलं, "चालू दे नाहीतर न चालू दे." जीपवाल्याला म्हटलं, गाडी चालू कर आणि माझ्यामागं ये. नवऱ्यानं पोरीला उचलून आत घेतलं.

मी फांदीपाशी गेले आणि म्हणाले, "पाटी चालली. वाट सोडा."

आणि त्यांनी सोडली. काठ्यावाले, गोफणवाले, सगळ्यांनी तोंडं फिरवली. विचार करून नव्हे. लहानपणापासून हे शब्द कानावर पडले की मान आपोआप फिरते, माझीही फिरली असती. दोघांनी मागं न वळताच फांदी चाचपडत बाजूला ओढली. पाटी अडवायची नसते. कुठल्या दिशेला चाललीय हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण ती आजवर एकाच दिशेला गेलेली.

एकट्या बानं तोंड फिरवलं नाही. तो माझ्याकडे बघत पुढं आला. शीव ओलांडून आला, वाघदेवाच्या या बाजूला.

"ठेव, बाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "नाही ठेवणार. तू मला मार पाहिजे तर."

"ठेव. पहिला हात आपल्या घराचा."

त्यानं टोपी काढून खिशात घातली, माझ्या डोक्यावरची पाटी घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मला जीपमध्ये बसायची खूण केली. आणि माझा बाप, गावचा सरपंच, दुसऱ्या गावाचा रोग डोक्यावर घेऊन आपल्याच गावात चालत शिरला.

त्याच्यामागून आमची जीप, पहिल्या गिअरमध्ये. दोन्ही बाजूंनी दारं लागत होती. कड्या पडल्याचे आवाज ऐकू येत होते. ज्यांनी त्याला मतं दिली त्यांची दारं, ज्यांची भांडणं त्यानं मिटवली त्यांची दारं. आमच्या घराचं दार लागलं नाही. आई उंबऱ्यात उभी होती आणि तिनं तोंडही फिरवलं नाही. बा सबंध गाव चालला, सावकाश, रीतीप्रमाणे. मला आतून ओरडायचं होतं की पळ, मघाशी साहेबाच्या गाडीकडं पळालास तसा पळ. पण पाटी घेऊन पळत नाहीत. उगवतीच्या शिवेवर त्यानं ती खाली ठेवली नाही. जीपच्या बॉनेटवर बांधली आणि जीपवाल्याशेजारी बसला. तिथून तालुक्यापर्यंत एकाही गावानं आम्हाला अडवलं नाही. बॉनेटवरची केरसुणी बघितली की माणसं रस्त्याच्या कडेला उतरून पाठमोरी उभी राहत.

नाक्यावर मांडव होता, खुर्च्या होत्या, डॉक्टरांची गाडी होती. डॉक्टरांनी पोरीच्या बोटाला टोचून काचेवर रक्त घेतलं, डोळे बघितले, बगल चाचपली आणि म्हणाले, हा डोक्यात गेलेला मलेरिया आहे, इतका वेळ काय करत होतात? बा शेजारीच उभा होता. त्यांनी लगेच सलाइन लावली आणि गाडीनं नाशिकला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जीपमधल्या सगळ्यांना बघितलं. प्लेग कोणालाच नव्हता. जो गडी सारखा खोकायचा आणि ज्याच्यापासून आम्ही सगळे सरकून बसायचो, त्याला बिडीचा खोकला होता.

पोरगी वाचली. काही दिवसांनी उठून बसली, पिल्लं कुठं आहेत म्हणाली. घरी आल्यावर लक्षात आलं की उजव्या बाजूनं हाक मारली तर ती बघत नाही. डॉक्टर म्हणाले, तापानं नस गेली असेल, औषधानंही कधी जाते, पण लवकर आणलं असतं तर... एवढं बोलून ते दुसऱ्या पेशंटकडे वळले.

त्यांची पाटी आम्ही उचलल्यावर आमची त्यांना उचलावीच लागली. रस्ता मोकळा झाला. प्लेग दोन्ही गावांत आला नाही. पण हिवाळ्यात गावातला एक बैल मेला, मग एकाची म्हैस आटली, आणि लोकांना आठवलं की पाटी आत कोणी आणली. बावर अविश्वासाचा ठराव आला. त्यामागं साहेब होते हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब पुढं प्रचारात सांगत फिरले की मी स्वतः शिवेवर उभं राहून प्लेग अडवला. कोणाला आत घेऊ नका असा हुकूम मी कधी दिलाच नाही, असंही म्हणाले, आणि ते खोटं ठरवायला बापाकडे कागद नव्हता. पुढच्या वेळी गावात पाटी निघाली तेव्हा पहिला हात दुसऱ्या घराचा लागला. बा त्या दिवशी रानात निघून गेला होता.

आम्ही नाशिकला आलो. नवरा सातपूरला कारखान्यात लागला. आई गेल्यावर बाला मी घेऊन आले. आणला म्हणजे माफ केलं असं नव्हे, हे मी त्याला सांगूनच आणलं. तो म्हणाला, बरं. नातीशी मात्र त्याचं मेतकूट. घरात कुठंही बसला तरी तो तिच्या डाव्या बाजूला बसायचा. पाहुण्यांनासुद्धा तिच्या उजवीकडून उठवायचा, म्हणायचा, तिकडं बसू नका, तिला ऐकू येत नाय. जेवताना, टीव्हीपुढं, सगळीकडं डावीकडं. मी ते बघायचे आणि माझा राग थोडा खाली बसायचा. मग पुन्हा वर यायचा.

मग नाशकात चिकुनगुनियाचं वर्ष आलं. आमची सगळी गल्ली लंगडत होती. सकाळी दूध आणायला निघालेली माणसं भिंती धरून चालायची. आमचे नगरसेवक मोटरसायकलवरून येऊन सांगून गेले की घाबरू नका, साधा ताप आहे, धुराचं मशीन वरून मंजूर झालं की येईल. बाचे गुडघे सुजून नारळाएवढे झालेले, तो ओट्यावर बसून हे ऐकत होता. नगरसेवक गेल्यावर कितीतरी वेळ त्या रिकाम्या गल्लीकडे बघत राहिला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मधलं दार उघडं होतं. पोरगी, आता अकरावीला, खाटेवर बसून अभ्यास करत होती. बा भिंतीला धरून उठला, आणि खाटेला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. मला वाटलं, दुखण्यानं भान सुटलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो बोलायला लागला. तिच्या त्या कानाशी वाकून, हळू.

"बाये, मला पहिल्याच दिवशी ठावं होतं, हिवताप हाय. तुजी आय बोलली तवाच. वरून कोन सांगंल म्हून मी थांबलो."

माझा हात परातीत तसाच राहिला. इतकी वर्षं मी समजत होते की त्याला कळलं नव्हतं. त्याच एका गोष्टीवर मी त्याला घरात ठेवून घेतलं होतं.

पोरीला शेजारी कोणी बसल्याचं जाणवलं. तिनं वही मिटली, मान वळवून डावा कान त्याच्याकडे केला आणि विचारलं, "काही म्हणालात का, आजोबा?"

"काय नाय. गुडघा लय ठणकतो, म्हनलं."

ती खाली बसली आणि त्याचा गुडघा मांडीवर घेऊन चेपायला लागली. त्यानं दारातून माझ्याकडे बघितलं. तेव्हा जीपच्या चाकावर नेली तशी नजर या वेळी त्यानं दुसरीकडं नेली नाही. मीही तोंड फिरवलं नाही. तव्यावरची भाकर जळाली, तो वास घरभर झाला, आणि पोरगी म्हणाली, आई, बघ की जरा.